इरल्याखालचं तोंड

रेवसला आगबोट लागायची त्या काळची गोष्ट. आमच्या आत्याने कोर्टात शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. "भर पावसात आमचा हंडा यानेच पळवला. इरल्याखालचं तोंड पाहिलंय मी." आत्या खोटं बोलणारी नव्हे. शेजारी तुरुंगात गेला.

पाऊस कोसळला की ज्याच्या पडवीत असू तिथलं बांबू-पानांचं इरलं पांघरून निघायचं, ही आमची रीत. असाच एकदा मी शेजाऱ्याचं लाल चिंधी बांधलेलं इरलं डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून चाललो होतो. मागून आत्या कडाडली, "मेल्या, सुटलास कधी?"

मी वळलो. ती थिजली.

मला राहवेना. "इरलं ओळखलंस होय?"

"इरलं कसलं! तू वळेपर्यंत त्याचंच तोंड दिसत होतं मला. हनुवटीवरच्या तिळासकट."

आणि मी तर तिच्याकडे पाठ करून चाललो होतो.