फुगलेली बॅटरी

कवळीवाले काका तीस वर्षं एका खोलीत बसून दातांच्या कवळ्या घासत होते. घासायच्या मशीनची किरकिर ऐकू येऊ नये म्हणून ते कानात गाणी लावत. त्यासाठी त्यांच्याकडे एक जुना म्युझिक प्लेअर होता. पण अलीकडे तो अर्ध्या तासात मान टाकायचा.

"बाबा, फोनवर ऐका ना," मुलगी म्हणाली.

"फोनवर गाणं रंगात आलं की नेमका तुझ्या आत्याचा फोन येतो," काका करवादले.

ते बॅटरी बदलायला दुकानात गेले. दुकानदाराने प्लेअर हातातसुद्धा घेतला नाही.

"उघडताना स्क्रीन फुटली तर मी जबाबदार नाही. नवीनच घ्या."

"माझ्याकडे मोडकी कवळी येते, तेव्हा मी गिऱ्हाइकाला नवीन तोंड घ्या म्हणतो का?"

काका तणतणत परतले. बॅटरी बदलावी की नाही, या विचाराने आठवडाभर त्यांचं डोकं उठलं होतं. शेवटी त्यांनी कवळीच्या साच्याचं मेण कापायची पातळ सुरी घेतली आणि श्वास रोखून प्लेअरची कड उचकटली. आत बॅटरी टम्म फुगली होती. हे खिशात, छातीशी धरून आपण महिनाभर हिंडलो, या विचाराने त्यांना घाम फुटला. आता बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्यांनी उघडा प्लेअर जपून दुकानात नेला. दुकानदाराने लगेच नवी बॅटरी बसवली. काकांनी तिथेच उभं राहून अख्खं गाणं ऐकलं.

"उघडायचा कंटाळा येतो, असं सरळ सांगत जा हो," ते म्हणाले. "निदान माणसाचा आठवडा तरी वाया जात नाही."