शिळं पाणी

"आत्या, थांब! ओतू नकोस!" मी असा ओरडलो, की समोरच्या इमारतीतल्या तीन कुकरांनी घाबरून एकदम शिट्ट्या दिल्या. पण उशीर झाला होता. पिंपात लोणच्यासारखं मुरवत ठेवलेलं पाणी आत्याने मोरीत ओतलं होतं आणि नळाचं ताजं पाणी बादलीनं माशांच्या टाकीत गेलं होतं.

"शिळं होतं रे ते. मुक्या जिवांना शिळं पाजतात का?"

आमच्या घराण्यात पाणीसुद्धा रात्रीतून शिळं होतं. माझे डिस्कस मासे मात्र ताटलीएवढे गोल आणि संस्थानिकांइतके नाजूक. शेजारी कुणी शिंकलं तर ताप यांना येतो. त्यांना थांबलेलंच पाणी लागतं. क्लोरीन उडालेलं, पीएच स्थिरावलेला, आणि तेही जुन्या पाण्यात थोडं थोडं मिसळलेलं. एकदम बदललं की अंगावरचे रंग विझतात. आता ते काळवंडून कोपऱ्यात उभे होते. मोठा निळा तर कुशीवर कलला होता.

टाकीच्या काचेत आत्याही दिसत होती. गेल्या महिन्यात आम्ही तिला गावाहून आणलं, एका दुपारीत, सामानासकट. विहीर, अंगण, शेजारीण, सगळं एकदम बदललं. माशांसाठी मी पाणी मुरवत बसतो. तिच्यासाठी कुणी थांबलं नाही. आल्यापासून ती कोपऱ्यातल्या खुर्चीतच होती. आज पहिल्यांदा उठली, तीही यांना ताजं पाणी द्यायला.

"आत्या," मी हळूच विचारलं, "इथलं पाणी मानवलं का गं तुला?"

"पाण्याला काय झालंय," ती म्हणाली. "चोवीस तास येतं."