नातीसाठी घोकलेले धडे

माझं शिक्षण दुसरीपर्यंत, तेही उर्दूतून. पोलीस ॲक्शन झालं, राज्य पालटलं, शाळेतले मौलवी गेले, मराठीचे मास्तर आले आणि मला पुन्हा पहिलीत बसवायला निघाले. मी बसलो नाही. ढोरं राखायला गेलो. मराठी वाचायला पुढं माझं मीच शिकलो, दुकानांच्या पाट्या बघून. तेव्हा म्हातारपणी पोर्तुगीज शिकायला कुणाची परवानगी काढावी, असं मला वाटलं नाही.

मुलगा वाळूजच्या कंपनीत होता. कंपनीनं ब्राझीलला धाडला, त्यानं तिथंच लग्न केलं. फोन आला तो लग्न झाल्यावर. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत आलो. मग नात झाली, पाच वर्षांची झाली, आणि तिला घेऊन येतो म्हणाला. तिला पोर्तुगीज तेवढी येते. म्हणजे मधे हाच दुभाष्या होऊन बसणार. मी ठरवलं, माझ्या नातीशी मी बोलीन, याच्या तोंडानं नाही.

औरंगपुऱ्यातून एक जुनं पुस्तक आणलं, हिंदीतून पोर्तुगीज शिकवणारं. मला शिकायची रीत एकच ठाऊक, मौलवींनी लावलेली. मांडी घालायची, पुढं-मागं डोलायचं आणि भिंत हलेल असं घोकायचं. आवाज उतरला की छडी. रोज सकाळी गॅलरीत बसून माझं चालू. तुझं नाव काय, तुला काय खायचंय, नवा-जुना, तरुण-म्हातारा. शेजारचा घड्याळवाला दोस्त खालून म्हणायचा, "अरे बुढ्ढ्या, जनाजा निघायच्या वक्ताला मदरसा काढला काय?" मी आवाज आणखी चढवायचो.

ते आले. सून पाया पडली. पोरगी तिच्या मागं. मी खुर्चीत ताठ बसलो, घसा साफ केला आणि म्हटलं, "कोमु वोसे सि शामा?" तुझं नाव काय. नाव मला ठाऊक होतं, पण पहिला धडा तोच. मग मी दुसरा धडा म्हटला, तिसरा म्हटला, पाठ होते तसे, एका दमात. तिनं आईचा झगा मुठीत धरला आणि बापाला काहीतरी विचारलं.

मला कळलं नाही. पुस्तकात विचारणारा नेहमी मीच होतो.

मुलगा फरशीकडं बघत म्हणाला, "ती विचारतीय बाबा, आजोबा कशाला रागावलेत. काय सांगू?"

एवढ्या वर्षांत त्यानं हे मला कधी विचारलं नव्हतं. आता लेकराच्या आडून विचारत होता.

"सांग," मी म्हटलं, "आजोबाचा आवाजच तसाय."

तो तिच्याशी बोलायला लागला. हळू, तिच्या केसांवरून हात फिरवत, मी सांगितलं त्यापेक्षा कितीतरी लांब. त्यातला एकच शब्द मला उमगला. म्हातारा. तो धडा माझा पक्का होता.