रत्नमालाची रेंज

शहरातल्या गारखेडा भागात रत्नमाला दाभाडेला न पाहिलेली माणसं सापडतील, पण तिचा आवाज न ऐकलेला माणूस मिळणं अवघड. मुलींच्या मेसमध्ये ती पोळ्या लाटते, आणि लाटता लाटता जे बोलते ते चौकातल्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जातं. हा आवाज काही मेसमध्ये कमावलेला नाही. तो तिच्या माहेरच्या, खुलताबादच्या मैदानावर कबड्डी खेळताना कमावलेला. रत्नमाला चढाईला निघाली की समोरच्या पोरी आधीच अर्ध्या मागे सरकायच्या. पुढे जिल्ह्याच्या संघात तिचं नाव लागलं आणि त्याच महिन्यात लग्नही ठरलं. दोन्ही गोष्टी एकदम करायची तेव्हा रीत नव्हती, म्हणून संघातलं नाव कापलं गेलं. नवरा अप्पाराव भला निघाला, मुलगा सम्यक शिकून पुण्याला नोकरीला लागला, म्हणजे तक्रारीला जागा उरली नाही. तरी मेसच्या टीव्हीवर कबड्डी लागली की त्या दिवशी पोळ्या करपणार, हे पोरी ओळखून होत्या.

मागच्या वर्षी ती भावाकडे खुलताबादला गेली आणि पाय आपोआप जुन्या मैदानाकडे वळले. पोरी खेळत होत्या, शिकवायला कुणी नव्हतं. प्रेरणा नावाची एक उंच, सडसडीत पोरगी झेप घेऊन जायची आणि दर वेळी परतताना पकडली जायची. रत्नमालाला राहवलं नाही. पदर खोचून ती सरळ मैदानात उतरली.

"अगं येडे, सगळा दम तिकडंच उधळलास तर घरी काय आणशील? निम्मा जायाला, निम्मा परत यायाला. गडी मारून उपेग नाय, रेषेला परत हात लागला पायजे!"

पुढच्याच चढाईला प्रेरणा दोन गडी मारून परत आली. मग पोरी कसल्या सोडतात! ताई, रोज या, म्हणून गळ्यात पडल्या. जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर होत्या, आणि त्या होणार होत्या कुठे, तर गारखेड्याच्या क्रीडा संकुलात, रत्नमालाच्या दारात.

पोरी तयार झाल्या, पण घरचे अडले. प्रेरणाचे वडील रामकिसन हे तिथले अद्रकीचे बागायतदार. त्यांनी मान डोलावली की बाकीचे बाप मान डोलावणार. रत्नमाला त्यांच्या ओट्यापाशी जाऊन "जय भीम, भाऊ" म्हणाली. ते "रामराम" म्हणाले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"तुम्ही रोज मैदानावर असाल तर पोरगी खेळंल. ज्या दिवशी तुम्ही नाय, त्या दिवसापून खेळ बंद. राखणीबिगर रान कुणी सोडतं का?"

"रोज येईन," रत्नमाला म्हणाली. कसं येईन, याचा विचार तिनं घरी परतताना केला. ही तिची जुनी सवय.

जायला एसटी होती. पण खेळ संपायचा दिवस कलल्यावर, आणि तेव्हा परतीची गाडी मिळेलच याची खात्री नव्हती. पहाटे मेसची कणीक मळायला ती हजर पाहिजे. अप्पारावांची मोटारसायकल त्यांच्याबरोबर वाळूजच्या कंपनीत. राहता राहिली जिन्याखाली धूळ खात पडलेली सम्यकची बॅटरीवरची सायकल. तिनं ती पुसली, रात्रभर चार्जिंगला लावली आणि दुसऱ्या दिवशी निघाली. चढ लागला की पायडल मारायचे, सपाटीला आरामात बसायचं. दौलताबादचा घाट चढून ती वर पोचली तेव्हा तिला आपण सोळा वर्षांच्या आहोत असं वाटलं.

परतीच्या वाटेवर, शरणापूरच्या अलीकडे सायकल मेली. तिनं अप्पारावांना फोन लावला.

"अहो, रेंज गेली!"

"रेंज गेली तर फोन कसा लागला?"

"फोनची नाय हो, सायकलची!"

"सायकलीला कुठं रेंज असती? काय बोलाय लागलीस?"

"ती किती लांब जाती त्याला रेंजच म्हणतेत! सम्यकला इचारा!"

अप्पाराव कंपनीतून सुटून आले आणि मोटारसायकलवरून एका पायानं तिच्या सायकलला रेटा देत तिला घरी आणलं. त्या दिवसापासून घरात मीठ संपलं तरी "रेंज गेली" असंच म्हणायची पद्धत पडली.

हसून झालं, पण अडचण तशीच होती. जाण्यापुरता दम होता, येण्यापुरता नव्हता. मैदानावर चार्जिंग करावं तर बॅटरी भरायला लागणारा वेळ सरावापेक्षा कितीतरी जास्त. सम्यकला कळलं तेव्हा त्यानं पुण्याहून तसलीच एक नवी बॅटरी पाठवून दिली. रत्नमाला दोन्ही बॅटऱ्या पिशवीत घालून बद्रीनाथच्या दुकानात गेली. बद्रीनाथ म्हणजे गारखेड्यातला मोटर वाइंडिंगवाला. इन्व्हर्टर, मिक्सर, पंखे, त्याच्या हातून काही सुटलेलं नाही.

"मावशी, एक जुनी, एक नवी," तो म्हणाला. "एकत्र जोडायच्या तर दोन्ही सारख्याच भरलेल्या पाहिजेत. एक भरलेली, एक रिकामी, असं केलं तर लफडा होईल. माझं ऐका, वेगवेगळ्या ठेवा."

"जोड रे तू. साखळीत दोघी असल्या की हत्ती बी हलत नाय."

कबड्डीवालीच्या तोंडून हेच येणार. हाताला हात गुंफून साखळी करायची आणि आलेल्याला दाबायचं, हे तिच्या अंगात भिनलेलं. बद्रीनाथनं मान हलवत जोडून दिलं. रत्नमालानं सम्यकच्या जुन्या जीन्सची पिशवी शिवली, नवी बॅटरी तीत घालून सायकलच्या दांडीखाली बांधली आणि ती रोज खुलताबादला जाऊन परत येऊ लागली. वाटेवरचे पेरूवाले तिला हात करायला लागले. पोरींचा खेळ असा उठावला की मैदानाच्या कडेला बघ्यांची गर्दी जमू लागली.

आणि मग मिक्सरनं घात केला. मेसची चटणी वाटायची म्हणून तिनं जुन्या बॅटरीचा प्लग काढला आणि तो परत लावायला विसरली. निघताना दोन्ही जोडल्या. नवीनं आपल्यातलं बरंचसं जुनीच्या रित्या पोटात ओतलं. बॅटरीवरचे दिवे कमी दिसत होते, पण निघायची घाई होती, म्हणून तिनं तिकडे काणाडोळा केला. घाटाच्या पायथ्याशी दोन्ही बॅटऱ्यांनी एकदमच मान टाकली. रत्नमालानं ते जड धूड ढकलत घाट चढला. वर पोचली तेव्हा मैदान रिकामं होतं. ती तशीच रामकिसनांच्या घरी गेली. ते ओट्यावर बसलेले होते.

"ताई, आज तुम्ही नव्हता," ते एवढंच म्हणाले.

"सायकल बंद पडली, भाऊ. पर मी आले."

"खेळ संपल्यावर आल्या. तुम्ही मनाच्या चांगल्या, पण त्या सायकलीचा काय नेम! उद्यापून पोरगी घरी."

दारामागे प्रेरणा उभी होती. तिचे डोळे भरलेले होते. रत्नमालाला फार वाईट वाटलं. संघातून आपलं नाव कापलं गेलं तेव्हा वाटलं होतं, त्याहूनही जास्त. तेव्हा दोष दुसऱ्यांचा होता, आता तो तिचा स्वतःचा होता. रात्री भावाच्या घरी ती नुसती कूस बदलत राहिली, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीनं, सायकल एसटीच्या टपावर टाकून, परतली.

बद्रीनाथनं तारा पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. "नशीब, पेटलं नाही काही. मावशी, सांगितलं होतं ना? ही जुनी आता फेकून द्या."

रत्नमाला स्टुलावर बसून दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीनं हातात घेऊन बघू लागली. मग ती एकदम उठली.

"बद्री, चढाईला कधी दोघी जातेत का रे?"

"म्हणजे?"

"साखळी पकडीला! चढाईला एकटीच जाती! हा तर सगळा चढाईचा खेळ हाय, अन् मी पोरींना शिकवून ऱ्हायले अन् मलाच कळंना! एक गेली की दुसरीनं घरात बसून दम खायाचा. ती आली की ही निघाली. जुनीला फेकू नको. जुनी खेळाडू सपाटीला चालती."

"मी तरी वेगळं काय म्हणत होतो?" बद्रीनाथ हसत सुटला. शेतातल्या मोटरीला असतो तसा चेंजओव्हर, पण लहानसा, त्यानं हँडलपाशी बसवून दिला. खटका वर केला की जुनी बॅटरी, खाली केला की नवी. दोघींची गाठच पडत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून रत्नमाला पोरींच्या आधी मैदानावर हजर होऊ लागली. दौलताबादपर्यंत जुनी, घाटाला नवी. बाकीच्या पोरींना त्यांच्या आयांनी हट्टानं पाठवलं, पण प्रेरणाला घरातून सोडेनात. रामकिसनांचं शेत रस्त्याला लागून होतं. रत्नमालानं मैदानावर जाता जाता बांधाजवळ सायकल उभी केली आणि तिथूनच सुरुवात केली.

"कंबर खाली! दम मोजून! परत ये, परत ये!"

अद्रकीच्या वाफ्यांच्या कडेला प्रेरणा एकटीच चढाया करू लागली. मेसमधून चौकापर्यंत जाणाऱ्या आवाजाला शेताची काय मातब्बरी! रामकिसन रोज ऐकत. पोरीला आत जा म्हणाले नाहीत, आणि मैदानावर जा असंही म्हणाले नाहीत. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मात्र ते बांधापर्यंत चालत आले.

"उद्या पोरीला खेळू देतो. पण मी आणीन, माझ्या मोटारसायकलवर. तुमचा भरवसा हाय, तुमच्या सायकलीचा नाय."

सकाळी रत्नमाला घाट चढून खुलताबादला आली, कारण बाकीच्या आयांनी ताई न्यायला आल्या तरच पाठवू असं सांगितलं होतं. सगळ्या पोरी भाड्यानं ठरवलेल्या जीपमध्ये बसल्यावर तिच्यासाठी बोटभर जागा उरली नाही. जीप पुढे गेली, तिच्यामागून रामकिसन प्रेरणाला घेऊन निघाले, आणि ही सगळ्यांच्या मागून सायकलवर.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर मोटारसायकल कडेला उभी दिसली. मागचं टायर पार बसलेलं. रामकिसन येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत होते, पण रविवारी फिरायला निघालेली माणसं कुणासाठी थांबतात? प्रेरणा खेळाच्या कपड्यांत दगडावर बसून नखं कुरतडत होती.

"जीपला फोन लावायचा ना, भाऊ," रत्नमाला थांबून म्हणाली.

रामकिसनांनी फोन डोक्यावर धरून दाखवला. "कसा लावू? इथं रेंजच नाय हो ताई!"

रत्नमालाला हसू आवरेना. कितीतरी दिवस मनात साठलेलं ते हसू घाटभर घुमलं.

"माझ्याकडं हाय की! बस गं प्रेरणे मागं!"

रामकिसन काहीतरी बोलणार होते, पण पोरगी तोवर कॅरियरवर बसलीसुद्धा. घाट भर्रकन उतरला. दौलताबादच्या जुन्या दरवाजात गाड्यांची तोंडं एकमेकींत अडकली होती, आणि त्यांच्यात जीपही होती. आतल्या पोरी काचेवर हात आपटत ओरडल्या. सायकल कडेकडेनं पुढे निघून गेली. डबल सीटचं ओझं, उलटा वारा. प्रेरणा मागून सारखी विचारत होती, "ताई, पुरंल का?" शहराच्या तोंडाशी, छावणीपाशी नव्या बॅटरीचा शेवटचा दिवा लाल झाला आणि सायकल संथ पडली.

"गेली, ताई!" प्रेरणा रडवेली झाली.

"गेली न्हवं, बाद झाली. दुसरी हाय ना घरात." सकाळी येतानाच रत्नमालानं जुनीला दौलताबादच्या बऱ्याच अलीकडे थांबवलं होतं. निम्मा जायाला, निम्मा परत यायाला. तिनं खटका वर केला. सगळ्यांनी फेकून दे म्हटलेली ती जुनी बॅटरी हलकेच गुणगुणली, सायकलनं पुन्हा वेग धरला, आणि दोघी जणी भर शहरातून घंटी वाजवत क्रीडा संकुलाच्या फाटकातून आत शिरल्या. मागोमाग जीपही आली.

अंतिम सामना शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरीत होता. प्रेरणा गेली, एकीला शिवली, तिघींनी तिचा पाय धरला. ती पडली, आणि पडल्या पडल्या सरपटत, तोंडानं 'कबड्डी कबड्डी' चालूच ठेवत, तिनं बोटांची टोकं मधल्या रेषेला टेकवली. दम तुटला नव्हता. पंचांनी हात वर केला. खुलताबादच्या पोरी जिल्ह्यात पहिल्या आल्या.

मग भोंग्यावरून पुकारा झाला, "विजयी संघाच्या प्रशिक्षक, रत्नमाला दाभाडे!" जिल्ह्याच्या मैदानावर हे नाव फार उशिरा पुकारलं गेलं, पण पुकारलं गेलं. रत्नमालाला काहीतरी बोलायचं होतं, पण गारखेडा दणाणून सोडणारा तो आवाज गळ्यातच अडकला. प्रेक्षकांत अप्पाराव उभे राहून ओरडले, "अगं बोल की! रेंज गेली का?" आणि सगळ्यात आधी तीच हसली.

गर्दी पांगायला लागली तेव्हा रामकिसन पुढे आले. हाताला टायरचं काळं लागलेलं, सदरा घामानं भिजलेला. शेवटची चढाई तेवढी त्यांना बघायला मिळाली होती. पोरीच्या डोक्यावर त्यांनी मनगटानंच थोपटलं आणि रत्नमालाकडे वळले.

"जिंकलात, ताई. पण आता परत पोरीला कोण नेणार? मी का तुम्ही?"

"तुम्हीच न्या की, भाऊ," रत्नमाला खटका खाली-वर करत म्हणाली. "फकस्त निघायच्या आधी हवा बघून घ्या."