कारखान्यासाठी जागा पाहणारा हिरामण

हिरामण मिठागरात वाढला. शहरासाठी जमिनी गेल्या, मिठागर बंद पडलं, तेव्हा तो कामोठ्याजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर वॉचमन झाला.

१९९५ साली एका परदेशी कंपनीची माणसं तो प्लॉट बघायला आली. त्यांना यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना काढायचा होता. यादीत चार जागा होत्या, त्यातली एक गुजरातेत. न्हावा-शेवा बंदरापर्यंत ट्रक किती वेळात पोचतो, वीज कितीदा जाते, टेलिफोन कधी मिळेल, कामगार राहतील कुठे, सगळं त्यांनी लिहून नेलं. गाव खूश झालं. हिरामणची मुलगी जागृती नुकतीच आयटीआय पास झाली होती. तिला घराजवळच नोकरी लागणार, असं तिची आई गोजरा सगळ्यांना सांगत सुटली.

शेवटच्या खेपेला कंपनीची इंजिनियर नंदिनी एकटीच आली. जाता जाता तिने विचारलं, "काका, इथे पाणी भरतं का हो?"

हिरामण तिला कुंपणाच्या खांबापाशी घेऊन गेला. खांबावर गुडघ्याएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती.

"मोठ्या उधानात पाऊस लागला का पानी हितवर येतं. दोन दिस हटत नाय."

"आम्हाला कोणीच बोललं नाही!"

"तुमी इचारलं कुनाला?"

कंपनी यादीतल्या दुसऱ्या जागेवर, महाप्याला, डोंगराच्या बाजूला गेली.

"पोरीच्या पोटावर पाय दिलास," गोजरा म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही.

"मशिनी बुडाल्या असत्या, तर पोरीच घरी बसल्या असत्या," एवढंच तो म्हणाला.

महिन्याभराने नंदिनीने गाडी पाठवली. महाप्याचा प्लॉट हिरामणने दिवसभर पायी फिरून पाहिला आणि डोंगराचं पाणी कुठून उतरेल ते दाखवलं. त्याच्या सांगण्यावरून नकाशातलं कारखान्याचं गेट दुसऱ्या बाजूला हलवलं. पुढे दुसऱ्या कंपन्याही त्याला बोलवू लागल्या. लिहिता-वाचता न येणारा हा माणूस साहेबलोकांबरोबर प्लॉट बघत हिंडायचा.

जागृतीने महाप्याला अर्ज केला, परीक्षा दिली आणि लागली. दोन बस बदलाव्या लागतात म्हणून ती रोज कुरकुरायची.

गावाजवळचा प्लॉट मात्र वर्षानुवर्षं रिकामा राहिला. त्यावरून हिरामणला बोल लावणारे गावात होतेच.