अर्धी गोळी

नव्या औषधांच्या चाचणीसाठी माणसं मिळवणं हे माझं काम. दौंडच्या एका दवाखान्यातून स्कूटी काढायची, कासुर्डी, भांडगाव अशी गावं पालथी घालायची आणि लोकांच्या ओट्यावर बसून संमतीचे कागद वाचून दाखवायचे. मला बोलायची हौस दांडगी. कागद संपला तरी हिचं तोंड संपत नाही, असं घरचे म्हणतात.

रक्तदाबाच्या गोळीची चाचणी होती तेव्हा भांडगावजवळ कालव्याकडेला राहणारं एक जोडपं भेटलं. सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं, आता थोडी शेती. मी त्यांना मामा-मामी म्हणायला लागले. दोघांनाही रक्तदाब. तपासणीपुरती संमती घेऊन त्यांना दवाखान्यात आणलं. मामींचे रिपोर्ट चांगले आले. मामांची किडनी कमजोर निघाली. डॉक्टरांनी मामांना एकट्यांना आत बोलावून ते समजावून सांगितलं. मामा घरी बोलतील असं मी धरून चालले.

मग मामींच्या ओट्यावर बसून मी त्यांना त्यांचे हक्क तासभर ऐकवले. कधीही सोडा, काहीही विचारा. शेवटी म्हटलं, "काही शंका?"

"आन् ह्यांना का न्हाई?"

"मामा नियमात बसत नाहीत," असं म्हणत मी अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं. शेजारची शिकलेली सून साक्षीदार होती. घाई मलाच होती, अजून तीन घरं करायची होती.

दर महिन्याला मामी रिकामी पाकिटं परत आणायच्या. एक गोळी कमी नाही की जास्त नाही. मी सगळ्यांना त्यांचं कौतुक सांगत सुटले. रक्तदाब मात्र उतरायचं नाव घेईना. तिसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, एकदा घरी जाऊन बघून या.

सकाळीच गेले, न कळवता. मामी चुलीपुढे बसून अडकित्त्यानं गोळीचे दोन तुकडे करत होत्या. मोठा तुकडा त्यांनी मामांच्या तळहातावर ठेवला आणि बारका स्वतःच्या तोंडात टाकला.

माझा पाराच चढला. "मामी, अहो काय करताय हे? मामांना ही गोळी चालत नाही. किडनी जाईल त्यांची!"

मामींनी अडकित्ता खाली ठेवला. "तू तर निस्तं नियम म्हनलीस. मला वाटलं, चांगलं औषध हाय आन् म्हाताऱ्याला वगळलं." मग मामांकडे बघून त्या रडायलाच लागल्या. "म्या माझ्या हातानं ह्यांना ईख घातलं का गं?"

तासभर तोंड चालवलं होतं मी, आणि सांगायचं नेमकं तेच राहिलं होतं. माझी मलाच लाज वाटली. त्यांना जवळ घेतलं आणि मीही रडले.

रिक्षा करून दोघांना दौंडला आणलं. मामी चाचणीतून बाहेर पडल्या, ते कागद मी भरले. मामांचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईस्तोवर मामी बाकावर त्यांचा हात धरून बसून राहिल्या. चहा आणला, तो तसाच गार झाला.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. किडनी होती तशीच आहे म्हणाले, काळजीचं कारण नाही. दोघांनाही आपापल्या नेहमीच्या गोळ्या लिहून दिल्या. मामी त्यांच्या पाया पडायला वाकल्या आणि मग तोंड धुवायला नळाकडे गेल्या.

त्या लांब गेलेल्या बघून मामा माझ्या बाजूला सरकले. "ताई, डॉक्टर मला तवाच म्हनले व्हते, ती गोळी तुमच्या कामाची न्हाई."

"मग खाल्ली कशाला, मामा? मामींना सांगायचं ना."

"किडनीचं सांगितलं आसतं तर तिनं धसका घेतला आसता. आन् म्या खाल्ली न्हाई तर तीबी खात न्हाई, चाळीस वरीस बघतुया. तिचं बीपी लय वाढल्यालं. म्हनलं, आर्धी तरी जाईल तिच्या पोटात."

मामी पदरानं तोंड पुसत परत येत होत्या. मामा घाईनं म्हणाले, "तिला तेवढं सांगू नका."