ओढ्यापासून वडापर्यंत

रहिमान मुलाणी चाकण-पुणे मोटार चालवायचा. एरवी त्याची मोटार बरी पळे. पण आमच्या कुरुळीचा ओढा आला की तो एक लांबलचक हॉर्न द्यायचा आणि तिथून वडाच्या थांब्यापर्यंत इतकी हळू आणायचा, की शेजारची बैलगाडी पुढे जायची. परगावचे उतारू वैतागत. वैतागेनात का! त्यांच्या मनगटावर घड्याळं होती. आमच्या गावात पन्नास-एक्कावन्न साली घड्याळ कुणाकडे होतं? हॉर्न वाजला की बाया चुलीतली लाकडं बाहेर ओढत, पुरुष पटका गुंडाळत रस्त्याला लागत. सगळ्यांच्या शेवटी बांधावरून यशोदाबाई यायची. तिचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते. मोटार किती हळू न्यायची, ते खरं म्हणजे तिचे गुडघे ठरवायचे.

त्याच रस्त्यावर कुणाची तरी नवी मोटार सुरू झाली आणि मालक दौलतरावांची झोप उडाली.

"रहिमान, उद्यापासनं गाडी पळवायची. न्हाईतर किल्ली ठिव आन् घरी बस."

रहिमानच्या घरी खाणारी तोंडं बरीच. त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर हॉर्न वाजला आणि आम्ही घराबाहेर पडेपर्यंत मोटार वडापाशी टेकून निघूनही गेली. यशोदाबाई बाळंतीण लेकीसाठी डिंकाचे लाडू घेऊन भोसरीला निघाली होती. ती बांधावरच राहिली. मला रहिमानचा भयंकर राग आला, खोटं कशाला सांगू! मोटार पुण्याला लवकर पोचली म्हणे, पण निम्मी रिकामी.

ते ऐकून दौलतराव दुसऱ्या सकाळी स्वतःच रहिमानशेजारी येऊन बसले. पुढचं मला मोटारीतल्या चाकणच्या उतारूंनी सांगितलं. ओढ्यावर रहिमाननं हॉर्न दिला आणि वेग कमी केला.

"पळव की."

"न्हाई मालक. वडापाशी किल्ली घ्या. तवर गाडी माझ्या हातात हाय."

दौलतराव लालबुंद झाले. पण काचेतून त्यांना दिसत होतं, पायवाटांनी माणसं रस्त्याकडे निघाली होती.

वडापाशी आम्ही चढलो. मोटार गच्च भरली. रहिमाननं इंजिन बंद करून किल्ली खरोखरच मालकांपुढे धरली. तेवढ्यात यशोदाबाई धापा टाकत आली आणि लाडवांचा डबा मांडीवर घेऊन त्याच्या मागच्या बाकावर टेकली.

"काल बरं नव्हतं का रं तुला?" तिनं विचारलं.

"का, मावशी?"

"गाडीवर दुसराच कुणी व्हता. थांबला न्हाई मेला."

रहिमाननं मालकांकडे पाहिलं. किल्ली तशीच हातात.

दौलतराव बाहेर बघत म्हणाले, "व्हय मावशी, दुसराच व्हता. त्याला काढून टाकला."

किल्ली त्यांनी घेतली नाही.